लालबागच्या चाळीतली जावा: इंजिन हवा खातं तेव्हा

२०२४ च्या जानेवारीत आम्ही बाबांची जावा मोटारसायकल जिन्याखालून बाहेर काढली. १९६९ चं मॉडेल. बाबांनी ती १९७४ साली सेकंडहँड घेतली, २००३ पर्यंत चालवली आणि गुडघे बोलायला लागल्यावर चाळीच्या जिन्याखाली लावली, ती लावलीच. एकवीस वर्षं तिच्यावर पाणी भरायची पिंपं, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांच्या सायकली टेकून राहिल्या.

गाडी मार्च २०२५ मध्ये रस्त्यावर आली. पण त्याआधी फेब्रुवारीत, सगळं नवं सामान घातलेलं इंजिन पहिल्याच फेरीत दोन किलोमीटरवर जाम झालं. ते का झालं हे शोधून दुरुस्त करायला आम्हाला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे मी इथे तपशिलात मांडतोय, कारण जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) गाडी घरी उभी करणाऱ्या कुणाच्याही वाटेत हा खड्डा येऊ शकतो आणि तो वरून दिसत नाही.

गाडी आणि जागा

ज्यांना जावा फक्त नावानं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ ची. जानेचेक हे संस्थापकाचं आडनाव आणि वाँडरर या जर्मन कंपनीचं नाव, दोन्हींची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. आपल्याकडे रुस्तम इराणी यांनी मैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे या गाड्या बनू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात तीच गाडी येझदी नावानं विकली गेली. कारखाना १९९६ ला बंद पडला. आमची गाडी ३५३ टाइपची: एक सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, म्हणजे अडीचशे सीसीला किंचित कमी. सायलेन्सर मात्र दोन. गिअरचाच लिव्हर आत दाबून वर उचलला की त्याची किक होते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेहमीच नवल वाटतं, माझ्या मुलीलाही वाटलं.

घर म्हणजे लालबागच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि बाहेरची सामाईक गॅलरी. गाडीचं वजन सव्वाशे किलोच्या वर, तेव्हा चासी खालीच राहिली. इंजिन मावसभावानं आणि मी मिळून गोणपाटात धरून वर आणलं. सकाळी पाणी यायच्या वेळेत गॅलरीत काम करायचं नाही आणि रॉकेलची भांडी रात्री झाकून ठेवायची, एवढ्या दोन अटींवर शेजाऱ्यांनी चौदा महिने सांभाळून घेतलं. सप्टेंबरात गणपतीला खालची जागा मोकळी करून द्यावी लागली. तेव्हा चासीसुद्धा वर आली आणि दहा दिवस आम्ही तिला ओलांडून ये-जा करत होतो.

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आता वय एक्याऐंशी. हात थरथरतात, जवळचं नीट दिसत नाही. त्यामुळे पाना माझ्या हातात आणि शब्द त्यांचा, अशी वाटणी ठरली. पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, “अरे, खोलायच्या आधी बघ. एकदा खोललंस की गाडी तुला काही सांगत नाही.”

मी ते अर्धंच ऐकलं. फोटो काढले, प्रत्येक नट-बोल्ट कुठला ते चिठ्ठीवर लिहून पिशव्यांत भरला, चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. पण इंजिन जसं आहे तसं कॉम्प्रेशन कितपत धरतंय, क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा) किती ढिली आहे, कुठून ऑइल पाझरलेलं दिसतंय, यातलं काहीच न बघता सरळ खोलून मोकळा झालो.

नऊ महिन्यांचं काम, पटकन

टाकी आतून गंजलेली होती. ती धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून साफ केली. सोडा घातलेलं पाणी टाकीत भरायचं, मधोमध साधी लोखंडी सळई टाकीला कुठेही न टेकता लटकवायची, चार्जरची प्लस सळईला आणि मायनस टाकीला. स्टेनलेस स्टीलची सळई चालत नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. वायूही ज्वालाग्राही निघतो, म्हणून हे काम उघड्या गॅलरीतच. तीन दिवसांत गंज काळ्या चिखलासारखा सुटून आला. धुतल्यावर टाकी तासाभरात पुन्हा लाल पडायला लागते, तेव्हा लगेच सुकवून आतून ऑइल फिरवून घेतलं.

मुंबईत उघडं लोखंड रात्रभर ठेवायची सोय नाही. मे महिन्यात चासी घासून ‘उद्या प्रायमर मारू’ म्हणून झोपलो. सकाळी तिच्यावर नारिंगी साय आली होती. त्यानंतर जेवढं दिवसात प्रायमरखाली जाईल तेवढंच घासलं.

बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळाली, वायरिंगचं सामान लोहार चाळीतून आणलं, हेडलाइटची रिंग आणि एक मडगार्ड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन रविवार घालवल्यावर सापडलं. सिलिंडर ६५.५० ला बोअर केला. पिस्टन आधी विकत घेऊन बोअर करणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर करून घ्यायचा, हे बाबांनी दोनदा सांगितलं होतं. क्रँकला नवी कनेक्टिंग रॉड किट घातली, लेथवर सरळ करून घेतली. क्रँकच्या दोन्ही टोकांची, हवा अडवणारी रबरी सीलं नवी.

मग मी घाई केली. इंजिन एकदाही सुरू करून न बघता सगळ्या गाडीचा रंग आणि क्रोम उरकून टाकलं. टाकी तेवढी जुन्याच रंगात ठेवली. तिच्यावर बाबांच्या गुडघ्यांनी तीस वर्षांत घासून काढलेले दोन फिके डाग आहेत आणि त्यांच्यावर स्प्रे मारायला माझा हात उठेना.

पहिली किक, पहिली चूक

नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या रविवारी, अकराव्या किकला इंजिन बोललं. चाळीतली निम्मी माणसं गॅलरीत उभी होती. बाबा खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकत होते. पाचेक मिनिटांनी म्हणाले, “खाली बसत नाहीये.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज लगेच उतरत नव्हता. दोन-तीन सेकंद वरच तरंगायचा आणि मग नाइलाजानं खाली यायचा. आयडलिंगही (रिकामी चाल) चढं होतं. मी कार्ब्युरेटरचा दोष मानला. आयडल जेट, म्हणजे रिकाम्या चालीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा टाकला, स्क्रू फिरवून मिक्स्चर रिच केलं (पेट्रोल वाढवलं) आणि आयडलिंग बसलं. मला वाटलं, झालं काम. इथे खरी चूक झाली. मी लक्षण दाबलं होतं, आजार तसाच होता.

जानेवारीत टेम्पोतून गाडी आरटीओत नेली. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राचा २०२१ चा व्हिंटेज नियम आहे. त्यात नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणायची. आम्हाला ती साध्या रविवारी साध्या कारणासाठी चालवायची होती, म्हणून ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांचं नेहमीचं नूतनीकरण करून घेतलं. विमा आणि पीयूसी झालं. तपासणीच्या वेळी इंजिन दहा मिनिटं चाललं आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. रिकामं चालणारं इंजिन हा आजार दाखवत नाही, हे आम्हाला पुढे कळलं.

हिंदमाता

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे सहाला निघालो. लालबागहून आंबेडकर रोडनं दादर टीटी, तिथून फाइव्ह गार्डन्सला एक चक्कर आणि परत, एवढाच बेत. नवं इंजिन, म्हणून लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल. वेग चाळीसच्या आत.

परळ सोडल्यावर गाडी हलकी वाटायला लागली, जणू उतार लागलाय. मला आनंदच झाला. लीन झालेलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी मिळणारं, इंजिन मरायच्या आधी असं मोकळं पळतं, हे बाबांनी नंतर सांगितलं. हिंदमाताजवळ आवाज एकदम कोरडा झाला, टिनचा डबा वाजावा तसा, आणि मागचं चाक चर्र करून थांबायला लागलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. गाडी कडेला घेतली तेव्हा इंजिनला हात लावता येत नव्हता.

ढकलत परत आणली. बाबा गॅलरीत उभेच होते. त्यांनी रागावायला हवं होतं, पण म्हणाले, “प्लग काढ. बाकी कशाला हात लावू नको.”

प्लगचं टोक खडूसारखं पांढरं होतं. नीट चाललेल्या इंजिनचा प्लग चॉकलेटी दिसतो, पेट्रोल जास्त झालं तर काळा आणि ओला, हवा जास्त झाली तर पांढरा.

संशयित

आम्ही एक वही घेतली आणि कारणं लिहून एकेक खोडत गेलो. ऑइल कमी पडलं का? टाकीतलं मिश्रण मी स्वतः मापून केलं होतं, ते कारण गेलं. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे गेलं का? प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडला, व्हर्नियरनं माप घेतलं, ठिणगी सोडणाऱ्या पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून तो सुटतो ती जागा पाहिली. पिस्टन वरच्या टोकाच्या ३.२ मिलिमीटर आधी पॉइंट उघडत होते. या इंजिनला ३ ते ३.५ हवं असतं. पॉइंटची गॅप ०.४, तीही बरोबर. बोअर घट्ट झाला का? सिलिंडर काढून पुन्हा मापून आणला, पिस्टनला हवी तेवढी जागा होती. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) चोंदला का? स्वच्छ होता.

शेवटची ओळ बाबांनी नोव्हेंबरातच उच्चारली होती, मी तेव्हा मनावर घेतली नव्हती: “इंजिन कुठून तरी हवा खातंय.”

याचा अर्थ समजून घ्यायला हवा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची खोली, क्रँककेस, हीसुद्धा पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, ऑइल आणि हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टांतून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून) वर जातं. ही खोली हवाबंद ठेवायचं काम क्रँकच्या दोन टोकांना असलेली दोन रबरी सीलं करतात. जावाच्या डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेनचं ऑइल असतं. तिकडचं सील गेलं तर इंजिन ते ऑइल ओढतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, तो सगळ्यांना दिसतो. उजव्या बाजूला डायनॅमो आहे, कोरडा. तिकडचं सील गेलं तर आत येते नुसती हवा. धूर नाही, गळती नाही, डाग नाही. कार्ब्युरेटरनं मापून दिलेल्या मिश्रणात न मोजलेली हवा मिसळते, ज्वलन तापत जातं आणि लोड आला की पिस्टन फुगून भिंतीला चिकटतो. मी आयडल जेट मोठा करून फक्त आयडलिंगपुरतं पेट्रोल वाढवलं होतं.

बाबांचं बीपीचं मशीन

हवा कुठून जातेय ते बघायचं तर इंजिनमध्ये हवा भरून बघायची. त्यासाठी लागणारा दाब फार नसतो, पाच-सहा पीएसआय (चौरस इंचाला पौंड). जास्त दिला तर चांगलं सीलही उलटतं. गॅरेजमधला कॉम्प्रेसर त्यासाठी फार जोराचा. मग मुलीनं विचारलं, “आजोबांचं बीपीचं मशीन चालेल का?”

काट्याचं, रबरी फुग्यानं दाबायचं मशीन. त्याची तबकडी ३०० पर्यंत जाते आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे पावणेसहा पीएसआय. अगदी हवं तेवढंच.

एका जुन्या प्लगचं पोर्सिलेन फोडून काढलं, आत नळी घालून एम-सीलनं बंद केली आणि तो प्लग जागेवर आवळला. दोन्ही एक्झॉस्टच्या रिंग नटखाली जुन्या स्लिपरच्या रबराच्या चकत्या कापून बसवल्या. कार्ब्युरेटर काढून इनलेटच्या तोंडात रबरी बूच आणि वरून क्लिप. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे पोर्ट उघडे राहून वरची आणि खालची खोली एक होते. मग मुलीनं फुगा दाबायला सुरुवात केली. काटा २५० वर नेऊन सोडला.

पंधरा सेकंदांत तो पन्नासवर आला. चांगल्या इंजिनात मिनिटभरात तो पन्नासाहून जास्त घसरू नये, म्हणजे दोनशेच्या खाली जाऊ नये.

साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावत गेलो. हेडच्या सांध्याला काही नाही. सिलिंडरच्या बुडाला काही नाही. डाव्या बाजूला ऑइल भरायच्या भोकाशी काही नाही. डायनॅमो पुलरनं काढला, आतल्या सीलवर पाणी सोडलं, आणि सीलच्या ओठापाशी, शाफ्टच्या खालच्या अंगाला, बारीक बुडबुड्यांची माळ उठली. फुगा दाबला की उठायची, थांबलं की थांबायची.

पण सील तर नवं होतं. मी काढून उजेडात पाहिलं, ओठ धड, स्प्रिंग जागेवर, कुठे चीर नाही. दुसरं नवं सील आणून बसवलं. पुन्हा पंधरा सेकंद.

संध्याकाळ झाली होती. बाबांनी खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि शाफ्टकडे हात नेला. बघायला गेलेच नाहीत. अंगठ्याचं नख शाफ्टवर टेकवलं आणि बाहेरून आत हळूहळू सरकवत नेलं. एका जागी नख थांबलं. “इथे अडकतंय बघ.” मी माझं नख फिरवलं. केसाएवढी खाच, शाफ्टभोवती पूर्ण गोल, बरोबर जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे. तीस वर्षं एकाच रेषेवर फिरून, कडक झालेल्या जुन्या रबरानं आणि त्यात अडकलेल्या कणांनी ती कोरली होती. वर एकवीस वर्षांच्या ओलीनं तिच्यात गंजाचे खड्डे पाडले. क्रँक लेथवरून आली तेव्हा हा पट्टा मी रॉकेलनं पुसला होता, चकाकला म्हणून समाधान मानलं होतं. नख फिरवलं नव्हतं.

उपाय

शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवता आली असती, पण मापाची मिळेना. बाबांनी साधा मार्ग सांगितला: खाच तिथेच राहू दे, ओठ दुसरीकडे टेकव. लेथवाल्याकडून दीड मिलिमीटर जाडीची लोखंडी रिंग करून घेतली आणि ती सीलच्या मागे बसवली. त्यामुळे सील तेवढंच बाहेर सरकलं आणि त्याचा ओठ कोऱ्या धातूवर आला. आधी डायनॅमोची प्लेट त्याला घासत नाही ना, हे पाहून घेतलं. नवा पट्टा ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरनं शाफ्टभोवती गोल फिरवून गुळगुळीत केला, लांबीच्या दिशेनं एकही ओरखडा जाऊ दिला नाही. सीलची स्प्रिंगची बाजू इंजिनच्या आत, ओठाला ऑइलचा हात.

सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. कानात घालायच्या काडीनं त्यावर नेमकं संडास साफ करायचं ॲसिड लावलं. ॲल्युमिनियमवर फेस येतो, फेस यायचा थांबला की ते गेलं. लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि ऑइल लावायचं, नाहीतर लोखंड गंजतं. पिस्टनला ॲसिड अजिबात लावायचं नाही, कारण तो ॲल्युमिनियमचाच आहे. आमच्या पिस्टनच्या रिंगा खाचेत बसून गेल्या होत्या, म्हणून त्याच मापाचा दुसरा घातला आणि सिलिंडरला हलकं होनिंग केलं, म्हणजे भिंत बारीक दगडानं घासून घेतली.

मग पुन्हा बीपीचं मशीन. २५० वर नेलं, मुलीनं मोबाइलवर मिनिट लावलं. काटा २४० वर होता.

ही चाचणी इंजिन बांधून झाल्याबरोबर, चासीत बसवण्याच्या आधी, टेबलावर करायची असते. वीस मिनिटांचं काम आहे. मी ते तेव्हा केलं असतं तर एक पिस्टन वाचला असता, टेम्पोचं भाडं वाचलं असतं आणि इंजिन पुन्हा उतरवावं लागलं नसतं. सगळ्या गाडीला ७४,००० रुपये लागले, त्यातले २८,००० रंग आणि क्रोमला. ज्या सीलपाशी हवा शिरून हे सगळं झालं त्याची किंमत नव्वद रुपये.

आता

आयडल जेट पुन्हा मूळ नंबरचा टाकला. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन लगेच खाली बसतं. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, हिंदमाता ओलांडून फाइव्ह गार्डन्सला गेलो आणि झाडाखाली प्लग काढून पाहिला. फिक्या चहाच्या रंगाचा होता. अजून दोन टाक्या झाल्या की ऑइल कमी करायचं आहे.

पेट्रोलचा प्रश्न उरतो. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. मुंबईच्या पावसात, आठवडाभर उभ्या असणाऱ्या गाडीत, ते पाणी टाकीच्या तळाशी साठतं आणि नुकताच काढलेला गंज परत आणतं. म्हणून एका वेळी दोनच लिटर मिश्रण करतो, घरी आलो की कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. कॉकचे जुने बुचाचे वॉशर फुगून गळत होते, ते बदलले.

बाबा अजून मागे बसलेले नाहीत. गुडघा वाकत नाही. पण रविवारी गाडी खाली सुरू केली की ते तिसऱ्या मजल्यावरून ऐकतात आणि मी वर आलो की सांगतात काय ते. गेल्या वेळी म्हणाले, “चेन थोडी सैल आहे.” होती.

इंजिन दुसऱ्यांदा उतरवताना चासीच्या खालच्या नळीवर वीतभर ओरखडा पडला, नवा रंग गेला. तिथे अजून नुसतं ऑइलचं फडकं फिरवतोय. जूनच्या आधी प्रायमर लावायचा आहे.